काठाखालचा अंगठा

१२ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी सगळं शेवटी. आधी तुझं खोकं पोचलं ते सांगते.

खोकं उघडलं आणि गॅरेजमधलं काम दहा मिनिटं बंद पडलं. मालकांनी विंगभोवती एक फेरी मारून विचारलं, "ही गाडीला लावायची, की गाडी हिला?" माझा वाटाड्या, म्हणजे शेजारच्या सीटवर बसून मला पुढची वळणं वाचून दाखवतो तो, म्हणाला की वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायला हरकत नाही. हसू देत. आता ती गाडीच्या शेपटावर चढली आहे. छताच्या वर वीतभर, एकावर एक दोन पाती, दोन्ही टोकांना ताटाएवढे उभे पडदे आणि मध्ये तीन उभ्या फळ्या. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवर तू पाठवलेल्या मिशा, म्हणजे वाऱ्याने नाक खाली दाबणारी छोटी पाती, दोन-दोन. चाकांवरच्या कमानी तर एवढ्या फुगल्यात की गाडीला गालगुंड झालेत असं वाटतं. लोकांना वाटतं सगळा दिखावा आहे. पण परवा खडीच्या रस्त्यावर गाडी आडवी घातली, तेव्हा त्या उभ्या फळ्यांनी वारा धरला आणि शेपूट सरळ केलं. वाटाड्याने भाडेकरूचा विषय सोडून दिला आहे.

आता कामाचं. यंदा तीन रॅली. तिसरीनंतर मालक दोघांपैकी एकालाच पुढच्या वर्षी गाडी देणार, मला किंवा लांबड्याला. लांबड्या म्हणजे दुसऱ्या गाडीचा चालक, सहा फूट तीन इंच, तेवढाच त्याचा अहंकार. गाड्या दोन्ही सारख्या, इंजिनं सारखी. त्याची विंग बाहेरून आणलेली, माझी तुझी. मला ती सीट हवी आहे मामा. दुसरं काहीच नको.

एक गोष्ट मुद्दाम उशिरा सांगते आहे. इथले मुख्य मेकॅनिक पानेवाले काका आहेत. हो, तेच, तुझे. विंग बसवायच्या आधी त्यांनी ती उलटी केली, खालून मागच्या कडेवरून हळूच हात फिरवला आणि स्वतःशीच हसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, जुनी ओळख." मला ते हसणं आवडलं नाही.

तुझी,
भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद, आणि एक रागाचा कटाक्ष.

तो माणूस तिथे आहे हे आधी कळलं असतं तर विंगबरोबर एक कुलूपही पाठवलं असतं. तू तेव्हा शाळेत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. अकरा वर्षांपूर्वी आमची शेड एकच होती. साचे, फायबर माझं, नटबोल्ट त्याचे. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला मी बॉनेट करून दिलं, ह्याने बसवलं. भर रस्त्यात ते उडालं आणि काचेवर आदळलं. नशीब, कुणाला लागलं नाही. मी म्हटलं तुझी कडी नीट बसली नव्हती, तो म्हणाला तुझं फायबर कच्चं होतं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मधोमध पत्रा उभा राहिला, आणि वर्षभरात तो आपले पाने उचलून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

तो उगाच हसत नाही. त्याच्यावर नजर ठेव.

आणि विंगच्या मागच्या कडेला जो उभा काठ आहे, त्याला कुणालाही पॉलिशपेपर लावू देऊ नकोस. मोजमाप करायला पट्ट्याही टेकवू देऊ नकोस. रंग नाजूक आहे, तडकेल.

फोन घेत जा म्हणतेस, पण मी घेत नाही हे तुला ठाऊक आहे. फोनवर माणूस विचार न करता बोलून जातो. पत्रात शब्द हातात राहतात.

जेवतेस ना वेळेवर? तुझी आई असती तर तिने हेच आधी विचारलं असतं. मला शेवटी आठवतं.

मामा

१८ मार्च

मामा,

पहिली रॅली झाली. मी चौथी, लांबड्या तिसरा. सोळा सेकंदांचा फरक.

चांगलं आधी. उंचवट्यावरून गाडी हवेत जाते तिथे ती अशी काही उतरते की जणू कुणीतरी हाताने उचलून खाली ठेवली. चारही चाकं एकदम. गेल्या वर्षी नाक खाली जायचं आणि माझे दात दातांवर आपटायचे, ते गेलं. वळणातही गाडी रस्ता सोडत नाही.

पण सरळ रस्त्यावर माझी गाडी लांबड्याच्या गाडीपेक्षा ताशी आठ किलोमीटरने मागे आहे. आठ! सारखं इंजिन, सारखी चाकं, आणि माझं वजन त्याच्यापेक्षा कमी. वाटाड्या म्हणतो, विंग मोजून बघू. मी त्याला झापलं. म्हटलं, माझ्या मामाने आरेखनाबाहेर सुतभरही काम आयुष्यात केलेलं नाही. बरोबर ना?

माझा संशय दुसरीकडे आहे. काका मला बघितलं की बॉनेट लावून टाकतात. सगळे जेवायला गेले की हे गाडीच्या नाकापुढे उताणे पडून उतार मोजायची पाणसळ लावत बसतात. काल मिशांचे बोल्ट बघितले, त्यांच्यावर ताजे ओरखडे होते. आठ दिवसांपूर्वी नव्हते. विचारलं तर म्हणाले, "सैल झाले होते, आवळले." चारही एकदम सैल होतात का? आणि परवा ते लांबड्याबरोबर चहा पीत होते. पाऊण तास. लांबड्या कुणाबरोबर पाऊण तास चहा पिणाऱ्यातला नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. तू काय म्हणतोस?

भिंगरी

२७ मार्च

चि. भिंगरीस,

चारही चाकं एकदम टेकतात हे वाचून बरं वाटलं. ती ओळ मी दोनदा वाचली. खरं सांगायचं तर जास्तच.

विंग मोठी आहे, थोडी हवा अडवणारच. त्याबद्दल काळजी करू नकोस, मोजायच्या भानगडीतही पडू नकोस. आठ किलोमीटर म्हणतेस तर इंजिनाकडे बघ. इंजिन कुणाच्या हाती आहे? मग झालं तर. चहाचं म्हणशील तर तो माणूस फुकट पाऊण तास कुणाला देत नाही. माझ्याबरोबर नऊ वर्षं काढली, एकदाही चहा संपेपर्यंत बसला नाही.

मी त्याच्यावर उघड आरोप करत नाही. मी इतकंच म्हणतो की डोळे उघडे ठेव.

इकडे एका नावेच्या तळाचं काम आलं आहे. फायबर चिकटवायच्या रेझिनच्या वासाने शेजारीण पुन्हा तक्रार करून गेली. मी तिला म्हटलं, हा वास नाही, कारखाना आहे. तिने नाकावरचा रुमाल काढला नाही.

मामा

३० एप्रिल

मामा,

शेवटी उलगडा झाला. तुझंच खरं निघालं.

दुसरी रॅली परवा संपली. पुन्हा तेच. वळणात मी सगळ्यांच्या पुढे, सरळ रस्त्यावर हात जोडून बसायची वेळ. मी पाचवी, लांबड्या दुसरा. माझ्याशी बोलताना मालकांनी लांबड्याच्या गाडीवर हात ठेवला होता. असल्या गोष्टी मला बरोबर दिसतात.

मग मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. सगळ्यांदेखत विचारलं, "काका, खरं सांगा. मला न सांगता माझ्या गाडीत काही केलंत का?"

मला वाटलं नाही म्हणतील. मग मी ओरखडे दाखवणार होते, पाणसळ काढणार होते, सगळी तयारी होती. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "हो."

"काय केलंत?"

"जे करायला हवं होतं ते."

मी म्हटलं, ते मला सांगून करायचं असतं, गाडी मी चालवते. तर म्हणाले, "ते तुझं बरोबर आहे." इतकंच. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे जायला सांगितलं. त्यांनी पेटी भरली, एकेक पाना पुसून. पस्तीस वर्षांच्या कामाची पेटी भरायला वीस मिनिटं लागली. दाराशी थांबून म्हणाले, "तुझ्या मामाला विचार." कशाबद्दल ते सांगितलं नाही. जाता जाता तुला टोमणा मारून गेले असतील.

हा वाद जिंकले तरी मला बरं वाटत नाहीये. नवा मेकॅनिक आला आहे. त्याने इंजिन तपासलं आणि म्हणतो, इंजिन ठणठणीत आहे. मग त्या माणसाने केलं तरी काय? तिसरी रॅली २४ मेला आहे.

भिंगरी

८ मे

चि. भिंगरीस,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी चांगला दिसत होतो.

गाडी मागे पडते ती माझ्यामुळे. तुमच्या आरेखनात विंगच्या मागचा उभा काठ एक सेंटिमीटरचा होता. मी तीनचा केला. तपासनिसांच्या चौकटीत तो बसतो, नियम मोडलेला नाही, पण तुला सांगितलं नाही. तो काठ जितका उंच, तितकी हवा शेपूट खाली दाबते. आणि तितकीच गाडीला मागे ओढते. तुझे आठ किलोमीटर तिथे गेले.

का केलं? गेल्या वर्षीचं चित्रीकरण तू पाठवलं होतंस. उंचवट्यावरून तुझी गाडी नाकावर उतरते ते. तू ते कौतुकाने पाठवलं होतंस. मी पुढचे चार दिवस नीट झोपलो नाही. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. तू सीट मागत होतीस आणि मला तू हवी होतीस.

त्यानंतर जे केलं ते ह्याहून वाईट. तू पानेवाल्यावर संशय घेतलास आणि मी त्याला खतपाणी घातलं. मला ठाऊक होतं तो निर्दोष आहे, तरी मूग गिळून बसलो. अकरा वर्षांचा राग होता, तो असा वसूल केला. त्याची पेटी भरल्याचं वाचलं तेव्हा मला माझी शरम वाटली.

त्याने "हो" का म्हटलं? एकच दिसतं. त्याने काठ ओळखला आणि माझ्यावर येऊ नये म्हणून स्वतःवर घेतलं. इतका मोठा माणूस असेल असं मला वाटलं नव्हतं. त्याला परत बोलाव. काठाचं काय करायचं ते तू ठरव. गाडी तू चालवतेस.

मामा

१६ मे

मामा,

काठ कापला. स्वतःच्या हाताने, आरेखनाप्रमाणे एक सेंटिमीटर ठेवून. कापताना काठाच्या खालच्या बाजूला रेझिनमध्ये कुणाचा तरी अंगठा उमटलेला दिसला. तोही गेला.

मी लहान होते तेव्हा तू मला सायकल शिकवलीस. म्हणालास, मी धरलं आहे, आणि खरंच शेवटपर्यंत धरून ठेवलंस. सगळ्यांचे मामा, काका सोडून देतात, माझ्या मामाने सोडलं नाही. मला चालवता येतं हे मला दोन महिने उशिरा कळलं, तू आजारी पडलास तेव्हा. मला तेव्हाही राग आला होता.

काकांच्या खोलीवर दोनदा गेले. कुलूप. शेजारी म्हणतात, माहीत नाही. भरल्या गॅरेजात मी त्यांना चोर ठरवलं आणि तू इथून दूर बसून मला शब्द पुरवलेस. ते मी विसरणार नाही.

काल सरावात सरळ रस्त्यावर लांबड्याच्या बरोबरीने धावले. सरावाच्या वाटेवर उंचवटे नाहीत, पण बाकी गाडी मस्त आहे. आता कुणी हात लावलेला नाही अशी गाडी आहे माझ्याकडे. पहिल्यांदाच.

भि.

२५ मे

मित्रा, की काय म्हणू,

अकरा वर्षांनी लिहितो आहे, म्हणून आधी महत्त्वाचं. पोरगी सुखरूप आहे. उजवा हात कोपराखाली मोडला आहे आणि गळपट्टीचं हाड. वाटाड्याला गुडघ्याला मुका मार. दोघं इस्पितळात शेजारशेजारच्या खोल्यांत आहेत आणि भिंतीवर टकटक करून भांडतात. मी तिच्याजवळ आहे.

आता झालं ते सांगतो. मी उंचवट्यापाशी लोकांत उभा होतो. नोकरी गेली म्हणून डोळे जात नाहीत. तिची गाडी वर गेली आणि मला विंगची कड दिसली. काठ कापलेला होता. त्या क्षणी कळलं आता काय होणार, आणि ओरडून उपयोग नव्हता. नाक खाली गेलं, गाडी मिशांवर उतरली आणि दोन कोलांट्या घेतल्या.

तू तिला लिहिलेलं पत्र तिच्या बॅगेत होतं. तिने मला वाचायला दिलं. तू लिहिलंस की मी "हो" म्हटलं ते तुला वाचवायला. मी एवढा थोर नाही रे. मी "हो" म्हटलं, कारण मी खरंच काहीतरी केलं होतं.

विंग आली त्या दिवशी मी काठाखाली हात फिरवला आणि तुझा अंगठा लागला. जिथे तू आरेखन सोडून मनाचं काही करतोस, तिथे ओल्या रेझिनमध्ये अंगठा दाबतोस, ही तुझी खोड नऊ वर्षं बघितली आहे मी. काठ मोजला, तीन. का केला असशील ते लगेच कळलं, आणि मला पटलं. पण शेपूट एवढं दाबलं की नाक वर उचलणार, गाडी शेपटावर उतरणार. म्हणून मी पुढच्या मिशांचा कोन वाढवला, नाक तेवढंच खाली दाबायला. रोज पाणसळ लावून थोडा थोडा. ती चारही चाकं एकदम टेकायची ना, ते तू आणि मी मिळून केलं होतं. लांबड्याकडे चहा प्यायलो तोही त्याच्या गाडीचा कोन काढून घ्यायला. बोलबच्चन माणूस, पाऊण तास लागला.

तिला सांगितलं असतं तर तुझा काठ उघडा पडला असता. म्हटलं ते तुझं तू सांग. म्हणून जाताना म्हणालो, मामाला विचार. तू सांगितलंस, पण तुझं अर्धं. माझं अर्धं तुला माहीत नव्हतं आणि मी कुलूप लावून बहिणीकडे जाऊन बसलो होतो, फुगून. तिने मागचं काढलं, पुढचं तसंच राहिलं.

बॉनेटचंही सांगून टाकतो. कडी मी अर्धीच बसवली होती.

पानेवाला

२९ मे

पानेवाल्यास,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसलो.

बॉनेटला फायबरच्या कापडाचा एक थर मी कमी घातला होता. गिऱ्हाईक घाई करत होतं. तुझी कडी पुरती बसली असती तर माझा थर निभला असता, माझा थर असता तर तुझी अर्धी कडी निभली असती. म्हणजे आपण दोघं तेव्हाही असेच होतो. त्या वेळी काच फुटली, ह्या वेळी आपली पोरगी.

मी येतो आहे. ती मला खोलीत घेईल का ते विचारून ठेव. नाही म्हणाली तर बाहेर बाकावर बसेन. तिथे तू पण बस.

शेडमधला पत्रा मी काल काढला. गंजून गेला होता, हाताने ओढला तरी आला.

मी

१७ जून

मामा,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसायचं नाही.

तू आणि काका तीन दिवस इस्पितळाच्या बाकावर बसलात आणि मी, काकांचं अर्धं कळल्यावर, दोघांनाही आत घेतलं नाही. माझ्या हातापेक्षा मला ते जास्त दुखत होतं, तरी घेतलं नाही. काचेतून बघत होते. पहिल्या दिवशी दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. तिसऱ्या दिवशी काका कागदावर काहीतरी काढून दाखवत होते आणि तू त्यांच्या हातातली पेन्सिल ओढून घेतलीस. ते बघून मला रडू आलं. तू गेल्यावर आलं, म्हणून तुला दिसलं नाही.

सीट लांबड्याला मिळाली. मालकांनी ते तोंडावर सांगितलं, बरं केलं. मी ज्या सीटसाठी काकांना मान खाली घालायला लावली, ती सीटही गेली. काकांची मी भर गॅरेजात माफी मागितली, जिथे विचारलं होतं तिथेच उभी राहून. ते म्हणाले, प्रश्न बरोबर होता, मी उत्तर अर्धं दिलं.

मोडलेली गाडी अंगणात पडून होती. मी मालकांना मागितली. म्हणाले, उभी करून आणा, मग बघू. परवा ती तुझ्या शेडमध्ये पोचेल, काका सोबत येतील. मी प्लास्टर निघालं की.

तोपर्यंत विंगचा साचा करून ठेव. काठ किती, मिशांचा कोन किती, ते तुम्ही दोघं आधी मोठ्याने भांडा, मग मला लिहून पाठवा, एकाच कागदावर, दोघांच्या सह्या. मी हो म्हणेन तेवढंच करायचं. तीन सेंटिमीटर पटवून दिलंत तर तीन ठेवेन. आठ किलोमीटर गेले तरी चालतील, ते मी जाणूनबुजून सोडले असतील.

आणि काठ ओतशील तेव्हा थांब. रेझिन ओलं असेल तेव्हा मी तिथे असेन. ह्या वेळी अंगठा मी दाबणार आहे.

भिंगरी